रेक्टरबाईंचा इंग्रजी पिच्चर

"संगं दुसरी कोण हाय?" वसतिगृहाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या रेक्टरबाई विचारायच्या. उत्तर आलं नाही की त्यांचा हात फाटकावर आडवा.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी तिथल्या कचेरीत बदली झाली. गावात भाड्याची खोली मिळेना, म्हणून मुलींच्या त्या वसतिगृहात राहिले. मी चांगली नोकरदार बाई. पण पोस्टात निघाले तरी रेक्टरबाई एखादी मुलगी सोबत द्यायच्याच.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण हे सारं एका पिच्चरमुळे. एका रविवारी दुपारी मुलींनी व्हिडिओ भाड्यानं आणला. मागितला होता देवाधर्माचा पिच्चर. दुकानदारानं चुकून इंग्रजी कॅसेट दिली. मुखवटा घातलेला माणूस सुरा घेऊन एकेका पोरीला गाठतो, असला तो पिच्चर. पहिला खून होताच मुली किंचाळत बाहेर पळाल्या. बाई हलल्या नाहीत. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, तरी टीव्हीशी भांडत होत्या, "अगं ए बये, वर कशाला जायलीस? खालचं दार उघडं हाय की!"

संपल्यावर तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "एकेकटी गेली, अन् मेली."

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. कुठंही जा, जोडीनं जा. मुली फिदीफिदी हसायच्या. एकदा तपासणीला मोठे साहेब आले, तर बाईंनी त्यांनाही फाटकातच अडवलं. "साहेब, तुमच्यासंगं दुसरं कोण हाय?" बिचाऱ्यांनी जीपमधून ड्रायव्हरला बोलावलं, तेव्हा आत सोडलं.

मग दुष्काळ पडला. नळ कोरडे झाले. मुली घागरी घेऊन गावाबाहेरच्या विहिरीवर जायला लागल्या, अर्थात जोडीनं. पाणी पार खाली गेलेलं, उघड्या पडलेल्या पायऱ्या शेवाळानं बुळबुळीत. एका दुपारी किनवटकडची एक मुलगी घसरली ती थेट पाण्यात. जोडीदारणीला पोहता येत नव्हतं. तिनं पायरीवर पालथं पडून हिची वेणी धरली आणि शेतातली माणसं धावून येईपर्यंत ओरडत राहिली. मुलगी वाचली.

संध्याकाळी बाईंनी तिला गुळाचा चहा पाजला, केस पुसून दिले. आम्ही सगळ्या भोवती बसलो होतो. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"त्या पिच्चरमधल्या पोरीला कुणीच न्हवतं गं," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि नांदेडला भावाकडे राहायला निघाल्या. आम्ही साऱ्या स्टँडवर गेलो. गाडी सुरू झाली. बाईंनी डोळे पुसायला जाड भिंगांचा चष्मा काढला, आणि तसाच हातात धरून खिडकीतून भलत्याच बाजूला जोरजोरात हात हलवायला लागल्या. तिकडे औशाच्या गाडीची वाट बघत एक वऱ्हाड उभं होतं. आधी ते गोंधळलं. मग नवरीसकट सगळ्यांनी हात हलवला.