शेवटच्या टेबलावरची दोन मिनिटं

टायमिंगभाऊ कोणालाही भेटले की आधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहायचे आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे. वाशिमला त्यांचं पाइप आणि स्प्रिंकलरचं दुकान. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नावही होतं. पण पन्नाशीच्या तोंडावर त्यांना पळण्याचं खूळ लागलं, आणि 'टायमिंग किती?' याखेरीज माणसाला काही विचारण्यासारखं असतं हेच ते विसरले. मुलीच्या बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन मी गेलो, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "ते ठीक हाय सर, पन काल दहा किलोमीटरचं टायमिंग किती आलं?"

सर म्हणजे मी. अनसिंगला शाळेत शिकवतो. शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी या गृहस्थांच्या तावडीत सापडलो. शुगर आटोक्यात आली, हे कबूल. त्यापलीकडे त्यांचं काही कबूल करायची माझी इच्छा नाही.

पळताना कोणी ओळखीचं भेटलं की घड्याळ थांबवायचं आणि जागच्या जागी उड्या मारत बोलायचं, हा त्यांचा नेम. एकदा समोरून एक ओळखीचा आला. चारच दिवसांपूर्वी त्याची आई गेली होती. भाऊ त्याच्यासमोर उड्या मारत म्हणाले, "लय वाईट झालं गड्या. मोठी माउली होती." तो माणूस डोळे पुसायचं सोडून यांच्या बुटांकडे बघत राहिला. मी तेव्हा हसू दाबलं. आज लाज वाटते. घरी पोचल्यावर घड्याळात नऊ किलोमीटर आठशे मीटर दिसले, तर उरलेले दोनशे मीटर फाटकासमोर गोल गोल फिरून भरून काढायचे. शेजाऱ्यांचं कुत्रं सुरुवातीला त्यांच्यावर भुंकायचं, नंतर त्यानंही नाद सोडला.

चढाच्या सरावासाठी रविवारी आम्ही मेडशीच्या पुढच्या घाटात जायचो. एकदा डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई पायवाटेनं चढत आमच्या पुढे निघून गेली. आम्ही भात्यासारख्या धापा टाकत होतो. तिनं विचारलं, "काहून पयून राह्यले रे बापा? मांगं कोनी लागलं काय?"

"बाई, श्वास नाकानं घेत जा," भाऊंनी तिलाच शिकवलं. "स्टॅमिना वाढते."

ती वर गेली. आम्ही पोचलो तोवर तिचा भारा उतरवून झाला होता.

असं वर्षभर घासून आम्ही दोघं सह्याद्रीतल्या पन्नास किलोमीटरच्या डोंगरशर्यतीला गेलो. दहा तासांत पोचलं तर मेडल, मिनिटभर उशीर झाला तर घरी जा. मलाही ते मेडल हवं होतं, खोटं कशाला बोलू. छत्तीस किलोमीटर झाले तेव्हा आमच्या मागे पळणारं कोणी उरलं नव्हतं. एका उतारावर सुट्या दगडावरून माझा पाय मुरगळला आणि घोट्यात कट्‌ असं वाजलं. उभंच राहवेना. फोनला रेंज नाही.

भाऊंनी घड्याळ पाहिलं. मग माझा पाय.

"सर, तुमी इथंच बसा. दोन किलोमीटरवर पान्याचं शेवटचं टेबल हाय, तिथं सांगतो. मानसं येतीन." दहा पावलं जाऊन ते परत फिरले. मला वाटलं, माणसाला पाझर फुटला. म्हणाले, "तुमची मिठाची गोळी द्या ना, पायात गोळे येऊन राह्यले. तुमाले आता कामाची नाही."

मी दिली. वर "सांभाळून जा" असंही म्हणालो.

देखावा मात्र अप्रतिम होता. पायाखाली दरीत ढग, समोरच्या कड्यावरून पाण्याची बारीक धार. जाहिरातीत लिहिलं होतं अगदी तसंच. तो बघायला मला दीड तास मिळाला. अंगातला घाम गार पडला, दात वाजायला लागले, घोटा सुजून बुटात मावेना. ढग वर चढले आणि वाटेवरच्या खुणेच्या फिती दिसेनाशा झाल्या, तेव्हा मी घाबरलो. मोठ्यानं हाका मारल्या, चक्क आईला हाक मारली. शेवटी त्या फिती सोडवत मागून येणारे दोघे दिसले. त्यांनी मला खांद्यांवर धरून टेबलापर्यंत आणलं. तिथल्या बाई माझा पाय बघून चरकल्या. म्हणाल्या, "सकाळपासून मी इथंच आहे. मागे कोणी बसलंय, असं मला कोणीच सांगितलं नाही."

जीपनं शेवटच्या रेषेपाशी आलो. भाऊ मेडल घालून केळं खात होते. "भेटले ना मानसं? म्या म्हनलंच होतं."

त्यांचं टायमिंग नऊ तास अठ्ठावन्न मिनिटं. दोन मिनिटं उरली होती.

पुढे आमच्याच शाळेत त्यांचा सत्कार झाला. पुष्पगुच्छ द्यायला मला उभं केलं, प्लास्टरसकट. भाऊ माइकवर पोरांना म्हणाले, "शेवटच्या टेबलावर मी थांबलोच नाही. पान्याले बी नाही. छातीवरचा नंबर वरडून सांगतला अन् निंगालो. थांबलो असतो तं मेडल गेलं असतं." हे त्यांनी माझ्यासमोर, अभिमानानं सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यांची कीव करण्याचा अधिकार मी त्या दिवशी घालवला. राग तेवढा शिल्लक ठेवला.

आता मी पळत नाही. मेडशीकडच्या डोंगरात हौशी लोकांची छोटी शर्यत असते, तिच्या शेवटच्या टेबलावर मी पाणी द्यायला बसतो. येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतो, "मागं कोणी बसलंय का?" आणि मगच ग्लास देतो. गेल्या हिवाळ्यात टायमिंगभाऊ आले. माझ्याकडे न पाहता नंबर ओरडले आणि निघाले. मी त्यांचं घड्याळाचं मनगट धरलं.

"भाऊ, मागं कोणी बसलंय का?"

"नाही ना कोनी. सोडा सर, टायमिंग जाईन."

"पाहून सांगा."

त्यांनी हिसका दिला. मी सोडलं नाही. मग त्यांनी मान वळवून वाटेकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या खेपेला घड्याळाकडे पाहता येत नव्हतं, ते माझ्या मुठीत होतं. त्यांची नजर खाली माझ्या घोट्यावर गेली.

बरोबर दोन मिनिटं झाल्यावर मी हात सोडला.