बंबाला नारळ

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून असं एकही यंत्र नसेल, ज्याच्यापुढे माझ्या साडूंनी नारळ फोडलेला नाही. जीप, ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर हे तर झालंच, त्यांच्यापुढे कुणीही फोडतं. पण पिठाची गिरणी, भाचीच्या घरचं वॉशिंग मशीन, इस्लामपुरातल्या एका दवाखान्यातलं डोळ्यांचा नंबर काढायचं यंत्र, यांनाही साडूंनी मान दिलेला आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, इथे फरशी आहे हो, फोडू नका." साडूंनी नारळ त्यांच्याच हातात ठेवला. "मंग तुमीच भायेर जाऊन फोडा. यंत्र तुमचं हाय." आणि बाई खरोखरच पेशंट खोळंबत ठेवून बाहेर गेल्या! एकदा लेकीकडे दिल्लीला विमानाने निघाले, तर तपासणीत पिशवीतला नारळ काढून घेतला. उतरल्या उतरल्या मला फोन. "पावणं, पोचलो. पर इमानाला मान दिला न्हाई, म्हणून सगळ्या वाटंनं मनातल्या मनात फोडत बसलो."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो, ते मला पावणं म्हणतात, आणि आमची आठ वर्षांची सई त्यांना काका म्हणते. फौजेत बावीस वर्षं त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या. आता इस्लामपूरजवळ ऊस बघतात. उसापेक्षा उसाच्या पंपाकडे जास्त बघतात, असं माझी मेव्हणी म्हणते, आणि ती खोटं कशाला बोलेल? त्यांचं एक ठाम मत आहे. "यंत्राला जीव नसतोय, पर राग असतोय." त्या रागावर त्यांच्याकडे फौजी पिशवीतला इलाज असतो: हळदकुंकू, नारळ, नारळ फोडायला कृष्णेच्या पात्रातला एक गुळगुळीत दगड, आणि शेवटी पितळी ताटलीत कापूर. दगड घरून कशाला वाहायचा, असं मी एकदा विचारलं. "आवं, गावोगावचा दगड सारखा असतोय व्हय?" हे उत्तर मिळालं. दाजींशी वाद घालायला वेळ लागतो आणि मला नोकरी आहे.

घरच्या पोरांना सहलीला नेण्याची त्यांना भारी हौस. पण सहल म्हणायचं नाही, कूच म्हणायचं. एकदा आम्ही कोयनानगरला धरण बघायला कूच केलं. घाटाच्या वळणांनी तिघांना उलट्या झाल्या, वर पोचलो तर त्या दिवशी धरण बघायला बंदी. दुसरा कुणी असता तर हात हलवत परत आला असता. दाजींनी दुरूनच भिंतीकडे तोंड करून नारळ फोडला, मग आम्हाला चहाच्या हॉटेलात नेलं आणि खिशातून शिट्टी काढली. "हितं भूकंपाचा मुलूख हाय. शिट्टी झाली की समद्यांनी टेबलाखाली!" शिट्टी झाली. पोरं टेबलाखाली गेली, बायका गेल्या, मी गेलो, आणि वर कोण राहिलं म्हणून बघतो तर हॉटेलमालकही गल्ल्याखाली उकिडवा बसलेला! तो माणूस अजून दर दिवाळीला दाजींना फोन करतो.

तर असे हे दाजी आमची नवी गॅसची शेगडी आली तेव्हा सांगलीला येणार नाहीत, हे शक्यच नव्हतं. सकाळच्या एसटीने आले. शेगडीची नळी मी स्वतः जोडली होती. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण पुढचे चार महिने मी ते कुणाला सांगितलं नाही. दाजींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पितळी ताटली ओट्यावर शेगडीशेजारी ठेवली आणि कापूर लावला. भप्पकन आवाज झाला आणि ओट्यावरून जाळ थेट खिडकीच्या पडद्यावर चढला. दाजींनी एका हाताने सईला बाहेर ढकललं आणि दुसऱ्या हाताने सिलिंडर बंद केला. शेजाऱ्यांनी फोन केला होता, बंब भोंगा वाजवत आला, दहा मिनिटांत सगळं विझलं. कुणाला साधा फोडही आला नाही. पडदा गेला, भिंत काळी झाली, इतकंच.

इतकंच असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी बायकोने काडी ओढली आणि सई अशी किंचाळली, की बायकोच्या हातून काडेपेटी खाली पडली. त्या दिवसापासून आमच्या घरात ज्योत म्हणून पेटली नाही. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगेना, देवापुढे विजेचा दिवा लागला, सईच्या वाढदिवसाच्या केकवर मेणबत्तीऐवजी आम्ही रंगीत पेन्सिली खोचल्या. रस्त्यावरून अॅम्ब्युलन्स गेली तरी पोर पलंगाखाली शिरायची. तिला तिथून बाहेर काढताना तिचं अंग थरथरत असायचं. ही आता अशीच राहिली तर? डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ दिला, पण भीती काही हलेना.

सगळ्या नातेवाइकांनी ठपका अर्थात दाजींवर ठेवला. गॅसजवळ कापूर लावतात का कुणी? दाजींनी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यांनी कापूर सोडला, पितळी ताटली माळ्यावर टाकली, आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकायचं बंद केलं. पाणी हवं असलं तरी बाहेरून मागायचे. सईला घेऊन कूच मात्र दर पंधरा दिवसांनी चालूच. आणि एका शुक्रवारी त्यांचा फोन आला.

"पावणं, रविवारी सांगलीच्या बंबाच्या ठेसनात पोरास्नी आत सोडणार हाईत. बंबात बसवत्यात, टोपी घालत्यात. सईला तयार ठेवा."

मी उडालोच. "दाजी, ती अॅम्ब्युलन्सला घाबरते, आणि तुम्ही बंबात बसवायला निघालात?"

"मंग? ज्याचं भ्या वाटतंय त्याला एकदा जवळून बघाय नगं? लांबनं समदंच थोर दिसतंय."

रविवारी आम्ही तिघं दाजींबरोबर निघालो. अग्निशमन केंद्राच्या फाटकापर्यंत सई माझं बोट धरून आली आणि तिथे जी थांबली ती हलेना. आत जत्रा भरली होती. आयाबाया, कडेवरची पोरं, लालभडक बंबाच्या शिडीवर चढणारी कार्टी, फोटो काढणारे बाप. मी म्हणालो, चल, घरी जाऊ. तेवढ्यात एक जाड मिशांचे जवान आमच्याकडे बघत आले आणि गुडघ्यावर बसले. "तू त्या जळक्या पडद्यावाली न्हवं? मी आलतो की तुमच्या घरी! तुमचं लाल फुलपात्र माझ्या बुटाखाली चेपलं बग. लय वाईट वाटलं मला." सईने पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाली, "ते माझं होतं." ते म्हणाले, "मंग त्याच्या बदल्यात काय पायजे तुला? भोंगा वाजवतीस?"

सईने माझं बोट सोडून त्यांचं धरलं. हेल्मेट तिच्या नाकापर्यंत आलं. बंबात वर बसवून त्यांनी तिला बटण दाखवलं. "ह्यो आवाज आमी का काढतो ठाव हाय का? वाट सोडा, आमी मदतीला निघालोय, एवढंच सांगतो त्यो." सईने बटण जरासं दाबलं. कुं. मग अजून जरासं. आणि मग असं काही दाबलं, की फाटकाबाहेरचा भेळवाला दचकून गाडा सोडून बाजूला झाला. ती हसत होती. चार महिन्यांत मी त्या आवाजाबरोबर तिला हसताना बघितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी बंबाच्या मागे जाऊन डोळे पुसून आलो.

इकडे दाजी बंबाच्या चाकापाशी दगड मांडून बसलेच होते. जवानांनीही बंबाला झेंडूचा हार घातला होता, त्यामुळे दाजींना आपल्या माणसांत आल्यासारखं झालं. एका घावात नारळ फुटला. मिशीवाले म्हणाले, "काका, कापूर न्हाई व्हय? आमी दसऱ्याला लावतो की बंबाला. फकस्त वाळूची बादली शेजारी ठिवतो." दाजी खोबरं काढता काढता म्हणाले, "सोडलाय मी कापूर." का, असं त्यांनी विचारलं, तर दाजींनी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. सई बंबाच्या खिडकीतून ऐकत होती.

मग पटांगणात घमेल्यात चिंध्या पेटवल्या आणि जवानांनी विचारलं, ओलं गोणपाट टाकून जाळ कोण विझवणार? मोठमोठी पोरं मागे सरली. सई म्हणाली, "काका येणार असतील तर मी." मी दाजींकडे बघितलं. सीमेवर बर्फात गाड्या उघडून बसलेला हा माणूस, त्याच्या कपाळावर घाम होता! तरी गेले. एका बाजूने सईने गोणपाट धरलं, दुसऱ्या बाजूने दाजींनी, मागे मिशीवाले उभे. "जाळ आपल्याकडनं पलीकडं ढकलायचा. हां, टाका!" गोणपाट पडलं. चर्र आवाज झाला, थोडा धूर निघाला. मिशीवाल्यांनी मान हलवल्यावर सईने कोपरा उचलून बघितलं. आत काही नव्हतं. ती दाजींना म्हणाली, "विझली की हो काका. एवढीशीच होती."

येताना विश्रामबागेत चहाला थांबलो. सई शेजारच्या टेबलावर आईला भोंग्याची नक्कल करून दाखवत होती. माझ्या अंगावरचं एवढं ओझं उतरलं होतं, की आता उरलेलंही उतरवावं असं वाटलं. म्हणालो, "दाजी, एक सांगायचं राहिलंय. कापराचा एकट्याचा दोष नव्हता. नळीची क्लिप मी आवळलीच नव्हती. गॅस आधीपासूनच गळत होता."

दाजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "ठाव हाय मला. सिलिंडर बंद करताना बगितली की क्लिप, सैल व्हती ती."

"मग चार महिने बोलला का नाहीत? सगळे तुम्हाला नावं ठेवत होते!"

"कापूर बी मीच लावलाता न्हवं? आन् कसं हाय पावणं, लेकरानं बापाच्या हातावर भरवसा ठिवाय पायजे. काकाच्या हातावर न्हाई ठिवला तरी चालतंय." एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि खारी मागवली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दाजी सवयीने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबले. सई न्हाणीघरात गेली, अर्धी बादली पाणी दोन्ही हातांनी ओढत, वाटेत सांडत, स्वयंपाकघरातल्या देवापाशी घेऊन आली. बायकोने काही म्हणायच्या आत तिने उंबऱ्याकडे वळून सांगितलं, "काका, आत या. कापूर लावा. मी बादली धरते." दाजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पाय पुसून आत आले. दाजींनी काडी ओढली तेव्हा सईने बादलीची कडी घट्ट धरली होती आणि ओठ दाबून ठेवले होते, पण डोळे उघडे होते. कापूर जळून संपेपर्यंत ती बघत राहिली. त्या दिवशी आमच्या घरी चार महिन्यांनी जाळावरची भाकरी फुगली. दाजींनी चार खाल्ल्या आणि डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं म्हणाले, तर म्हणू द्यावं.

आता दाजींचे गुडघे धरतात. कूच कमी झालंय. परवा आले तेव्हा कृष्णेतला तो दगड त्यांनी सईच्या हातात ठेवला. "मला आता वाकवत न्हाई. तू फोडत जा." दगड आमच्या ओट्याखाली असतो, बादलीच्या शेजारी. मी रोज सकाळी वाकून नळीची क्लिप आवळून बघतो. सई विचारते, "बाबा, रोज काय बघता हो तिथे?" अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. पुढच्या खेपेला दाजी आले, की त्यांच्यासमोरच सांगणार आहे.