सिमेंटात घातलेला गूळ

सन १९५६. मी सत्तावीस वर्षांचा होतो. तेव्हापासून ही गोष्ट पोटात ठेवलीय — बायको गेली, तिलासुद्धा कधी सांगितली नाही. आज तुम्हाला लिहून सांगून टाकतो.

मी चुन्याचा गवंडी. शाळा दुसरीपर्यंत. पण माझ्या बापानं बांधलेला हौद अजून गळत नाही. का? बैल जुंपलेल्या घाण्यात चुना मळताना तो गुळाचं पाणी घालायचा. मग पिंपरीला कारखान्याचं बांधकाम निघालं, तिथं सगळं सिमेंटात. मुकादम हसत म्हणाला, "राव, तुमचा चुना आता देवळापुरता. ह्यात नुसतं पाणी घालायचं, पोरगंबी करंल."

झोंबलं मला ते. मशीनचा पाया भरायच्या दिवशी मी घरून गूळ नेला आणि पाण्याच्या पिंपात विरघळवला. कुणाला बोललो नाही. पाया दगडासारखा झाला की मग सांगणार होतो, छाती काढून.

झाला नाही. दोन दिवस गेले, तिसरा गेला — अंगठा दाबला की रुतायचा. नातवाला आत्ता, ही गोष्ट न सांगता, नुसतं कारण विचारलं; त्यानं समजावलं मला. सिमेंटात पाणी पडलं की सुयांसारखे बारीक स्फटिक वाढतात, एकमेकांत गुंततात, तेव्हा त्याचा दगड होतो. गूळ त्या कणांना चिकटून बसतो, वाढूच देत नाही. चुन्याला मानवतो तो सिमेंटाला नाही. हे कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण चूक कुणाची — ते ठाऊक नव्हतं का?

मुकादमानं पाणी आणणाऱ्या सोनाबाईला धरलं. तू ओढ्याचं घाण पाणी आणलंस, म्हणाला. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावती तीच.

"आडाचंच हाय," ती म्हणाली. "इचारा की मिस्त्रीला. त्यांच्या म्होरंच वतलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी — मी थापी पुसत राहिलो. म्हणालो, "माझं ध्यान नव्हतं."

एवढंच. संध्याकाळी तिला कामावरून काढली. माझं काम जाईल ही भीती नव्हती हो. लोक हसतील, ही होती.

लिहिलं, आणि खरंच हलकं वाटतंय. किती वर्षांनी श्वास मोकळा झाला. तिला त्याचा काय उपयोग? काही नाही.

कामावरून काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपले हंडे न्यायला आली होती. मी ते उचलून तिच्या डोक्यावर दिले. मग तो मऊ पाया उकरून काढला, आणि साध्या पाण्यात नवं सिमेंट कालवलं.