गोळीने नेलेले शब्द

वर्गाच्या खिडकीत चिमणी येऊन बसली. मुलींना दाखवायला मी हात उचलला आणि तिचं नावच आठवेना. बावीस वर्षं मी मराठी शिकवतेय.

"चिमणी, बाई," पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

अर्धशिशीच्या नव्या गोळीने दोन महिने डोकं दुखलं नव्हतं. शब्द आठवत नाहीत हे सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "हा गोळीचाच परिणाम. हळूहळू बंद करू, पण दुखणं परत येऊ शकतं."

शब्द परत आले. मागोमाग दुखणंही आलं. आज खोलीत अंधार करून, कपाळाला ओढणी आवळून पडले आहे. न दुखणारं, तरीही आपलंच असलेलं डोकं, एवढं मागणंही जास्त आहे का? पुन्हा डॉक्टरांकडे गेले, तरी काय मागू, हे मला कळत नाही.