गायकर सरांची बेरीज आणि मानवजात

आमच्या स्टाफरूममध्ये चहा कमी पडतो, किस्से कधीच पडत नाहीत. मी कर्जतजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. बारावीला 'म्युटेशन'चा धडा आला, की पुढचे काही दिवस आमच्याकडे दुसरा विषयच नसतो!

*

वर्गात सांगत होते, "पेशी डीएनएची नक्कल करते, तेव्हा क्वचित एखादं अक्षर चुकतं. असे थोडे नवे बदल प्रत्येक बाळात असतात. तुमच्यातही आहेत."

दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरच्या सायलीचे वडील दारात हजर. लावणी अर्धी टाकून आलेले, पायाला चिखल.

"मॅडम, तुमी माज्या पोरीला चूक म्हनलात?"

मी घाम पुसत सगळं पुन्हा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे माज्यात पन हायेत?"

"आहेत ना!"

"मग ठीक हाय. येकट्या पोरीला बोलू नका!"

*

हे ऐकून गणिताचे गायकर सर बेचैन झाले. स्टाफरूमच्या फळ्यावर खडू आपटत म्हणाले, "प्रत्येक पिढीत नवे बदल, जुने आहेतच. नुसती बेरीज! मॅडम, मानवजात संपली की!"

मी म्हटलं, "सर, बहुतेक बदलांनी काहीच होत नाही. फार वाईट असतात ते सहसा पुढच्या पिढीत पोचत नाहीत. शिवाय आईबापांच्या जनुकांचे पत्ते पिसले जातात, त्यात काही गळतात. वजाबाकीही चालू असते."

"किती?"

"त्यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद चालू आहे."

सर उडालेच. "उत्तर नक्की नाही आणि तुम्ही पोरांना पूर्ण मार्क देता?"

कोपऱ्यातून इतिहासाचे देशमुख सर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "माणूस पिढीगणिक बिघडतोय, हे मी किती वर्षं सांगतोय! तेव्हा कुणी डीएनए काढला नाही."

*

पुढे एकदा आम्ही तिघं बोर्डाच्या मीटिंगहून परतताना चौक गावच्या ढाब्यावर मिसळ खायला थांबलो. गायकर सर पाव नुसताच कुस्करत होते.

"मॅडम, बाप जास्त वयाचा असला, तर हे बदल वाढतात म्हणे?"

"वाढतात थोडे. पण बहुतेक बाळं ठणठणीत असतात. का हो?"

सरांनी मिसळीची ताटली बाजूला सारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, हे आम्हाला माहीत होतं. कुणी कधी विचारलं नव्हतं.

"हिला दिवस गेलेत," ते हळूच म्हणाले. "फार भीती वाटते हो."

देशमुख सरांनी वेटरला हाक मारली, "मानवजातीचं नंतर बघू रे, आधी जिलेबी आण!"

*

बाळ झालं, मुलगी. दुपारी देशमुख सर आणि मी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर सरांच्या सासूबाई बसल्या होत्या, कडाव गावच्या. शेती अजून स्वतः बघतात. तेवढ्यात सर आतून धावत आले. चेहरा पांढरा.

"डाव्या पायाला सहा बोटं आहेत!"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, काळजीचं काही नाही, बाळ छान आहे. पण झालंच ना शेवटी! माझ्या वयामुळे!"

सासूबाई उठल्या. "काय झालं, जावईबापू?"

"आई, म्युटेशन झालंय."

"म्युटेशन? तलाठ्याकडं जमिनीचं करतात त्ये? फेरफार?"

"तसंच समजा," देशमुख सर म्हणाले.

सासूबाईंनी डाव्या पायातली चप्पल काढली, लुगडं जरा वर धरलं आणि पाऊल पुढे केलं. करंगळीला खेटून सहावं बोट होतं, इवलंसं.

"इतकी वरसं माज्या पाया पडता, कदी नीट बगितलं नाय व्हय?" त्या म्हणाल्या. "फेरफार कसला! ही वारसनोंद हाय!"