नेटबॉलच्या टिपणातला तिसरा परिच्छेद

टिपण दोन पानांचं होतं. विषय: मुलींचा नेटबॉल संघ, पुढील वर्षाची तरतूद. ते मी लिहिलं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती.

तेव्हा आम्ही इंग्लंडात, मिल्टन कीन्सला राहत होतो. बायको एका सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर आली होती, मी तिच्या व्हिसावर. त्याआधी बारा वर्षं मी पुण्यात एका दैनिकात काढली होती, आधी महापालिकेच्या बातम्या, मग डेस्क. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी मला ‘तुम्ही कुठे असता?’ असं विचारलं की बायकोचा एक सहकारी परस्पर सांगायचा, ‘हे वहिनींच्या ईमेलला अटॅचमेंट म्हणून आलेत.’ दोनदा हसलो. मग अर्ज करायला लागलो आणि अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या कॉलेजच्या फायनान्स ऑफिसात कारकुनी मिळाली.

कॉलेज म्हणजे विद्यापीठ नव्हे. सोळा ते एकोणीस वयाची मुलं तिथे केस कापणं, प्लंबिंग, बालसंगोपन शिकायची. आपल्याकडचं आयटीआय आणि ज्युनिअर कॉलेज यांच्या मधलं काहीतरी. पैसा सरकारचा, आणि तो मुलांच्या डोक्यांवर मिळायचा. मूल वर्षाच्या मध्ये सोडून गेलं की पैसे कमी व्हायचे. त्या वर्षी तूट होती आणि प्रत्येक विभागाचं टिपण गव्हर्नर्सपुढे, म्हणजे कॉलेजच्या नियामक मंडळापुढे, जायचं होतं. फायनान्सचा प्रमुख सँडविच खात माझ्या टेबलाशी आला. तू पेपरात होतास ना, म्हणाला, मग खेळांचं तू लिही. एकदा वाचून कळलं पाहिजे, दोनदा कोणी वाचणार नाही.

मुलांच्या फुटबॉलचं टिपण एका सकाळीत झालं. फुटबॉल हा तिथे अभ्यासक्रमच होता. मुलं त्यासाठी प्रवेश घ्यायची आणि डोक्यांमागे पैसे आणायची. नेटबॉल तसा नव्हता. हा बास्केटबॉलसारखा खेळ, पण चेंडू हातात घेऊन धावायचं नाही आणि कड्यामागे फळी नाही. बालसंगोपन आणि केशरचनेच्या वर्गातल्या दहा-बारा मुली बुधवारी दुपारी तो खेळायच्या. हिशेबात त्याला स्वतःचं पान नव्हतं. ‘इतर उपक्रम’ या शीर्षकाखाली मिनीबसचं डिझेल, लीगची वर्गणी आणि कोचबाईंचे आठवड्याचे दोन तास, एवढंच सापडलं. स्वस्त होता. तरीही यादीत होता, कारण त्या वर्षी यादीत सगळंच होतं.

कोचबाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या. मूळच्या त्याच गावच्या, कॉलेजात पंचवीस वर्षं शिकवत होत्या. मी जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, ऑफिसात बसून काय कळणार, बुधवारी ये.

बातमीच्या जागी स्वतः जायचं, ही सवय होतीच. सलग चार बुधवार गेलो. मिनीबस त्या स्वतः चालवायच्या. त्यांचं लायसन्स जुनं होतं म्हणून चालायचं. नंतर लायसन्स काढलेल्यांना मिनीबससाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे, आणि तरुण शिक्षकांपैकी कोणीही ती दिली नव्हती. लीगचा नियम असा की प्रत्येक संघाने आपला एक पंच आणायचा. पंचाची परीक्षाही त्यांनी स्वतःच्या पैशांनी दिली होती. सामना संपला की मुलींना एकेकीच्या दारात सोडायच्या, कारण दोघी-तिघींच्या वस्तीकडे त्या वेळी बस नसायची. जर्सी घरी धुवायच्या. मंगळवारी वर्गात गैरहजर असलेल्या मुलीला बुधवारी खेळवत नसत, मग ती संघातली सर्वांत चांगली खेळाडू का असेना. एका मुलीने त्यावरून मिनीबसच्या दाराशी भांडण काढलं. डेंटिस्टकडे गेले होते, म्हणाली.

‘दात दाखव,’ कोचबाई म्हणाल्या.

बाकीच्या हसल्या. ती मुलगी त्या दिवशी बाकावर बसून राहिली, आणि पुढच्या मंगळवारी वर्गात पहिल्या रांगेत होती. हे मी त्या वर्गाच्या शिक्षकाकडून ताडून घेतलं.

चौथ्या बुधवारी परतताना सगळ्या मुली उतरल्यावर मी मागच्या सीटवर वही काढली आणि त्यांच्या आठवड्याचे तास मांडले. पगारी दोन. बिनपगारी नऊ, कधी दहा. बरोबर आहे का म्हणून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी आरशात माझ्याकडे पाहिलं.

‘बाकी काय हवं ते लिही,’ त्या म्हणाल्या. ‘माझे तास लिहू नकोस.’

मला तो संकोच वाटला. आपल्याकडेही चांगली माणसं असंच म्हणतात, माझं नाव नको, फोटो नको. शिवाय डेस्कवरचा नियम होता: खरी, तपासलेली गोष्ट संबंधिताच्या सांगण्यावरून काढायची नाही. पहिला परिच्छेद संघाचा, दुसरा मुलींच्या हजेरीचा. तिसऱ्यात मी त्यांचे तास घातले: गाडी, पंचगिरी, धुणं, मुलींना घरी सोडणं, एकेक ओळ. विशेषण एकही नाही. आकड्यांनीच बाईंची बाजू मांडली जाईल असं मला वाटत होतं. शुक्रवारी टिपण पाठवलं.

रविवारी बायकोने ते वाचलं. मी भांडी विसळत होतो, ती ओट्याला टेकून उभी होती.

‘छान लिहिलंयस. पण हे वाचून ते तिला पगार वाढवून देतील असं वाटतं का तुला?’

निदान संघ तरी ठेवतील, असं मी म्हणालो.

‘अरे, आत्तापर्यंत त्यांना हे दोन तासांत पडत होतं. तू सांगितलंस बारा लागतात. आमच्याकडे असं कळलं ना, की पहिली मीटिंग ते बंद करायची असते.’

टिपण परत मागता आलं असतं का, हे मी तिला विचारलं नाही. सोमवारी प्रमुखालाही विचारलं नाही. छपाईला गेलंय, म्हणाला असता.

गव्हर्नर्सच्या बैठकीत इतिवृत्त लिहायला मी भिंतीशी बसलो होतो. नेटबॉल सातव्या क्रमांकावर होता. बँकेतून निवृत्त झालेले एक गव्हर्नर म्हणाले की बऱ्याच दिवसांनी कळेल असं टिपण वाचायला मिळालं. मग त्यांनी बोट तिसऱ्या परिच्छेदावर ठेवलं. या बाई आजारी पडल्या तर? ड्रायव्हर, पंच आणि शिक्षिका वेगवेगळे घ्यायचे तर काय लागेल? प्रमुखाने आकडा सांगितला. कर्मचारी विभागाच्या अधिकारी म्हणाल्या की बिनपगारी तासांचं त्यांना ठाऊकच नव्हतं. दिवसभर शिकवून थकलेली व्यक्ती अंधारात मुलींनी भरलेली गाडी चालवते, काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे आता लेखी कळल्यावर कॉलेजला दुर्लक्ष करता येणार नाही. दुसऱ्या परिच्छेदाबद्दल कोणीच काही विचारलं नाही. उन्हाळी सत्राअखेर संघ बंद करावा असं ठरलं, आणि कोचबाईंच्या निष्ठेची मंडळाने नोंद घेतली. ती नोंद मीच लिहिली. मग आठव्या विषयाला सुरुवात झाली, तो पार्किंगचा होता.

कोचबाईंना पत्र जायचं होतं. त्याआधी आपण सांगावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी जिमच्या सामानाच्या खोलीत गेलो. त्या खाली बसून चेंडूंत हवा भरत होत्या. मी बैठकीत जे झालं ते क्रमाने सांगितलं. त्यांनी पंप थांबवला नाही.

‘मी सांगितलं होतं तुला,’ त्या म्हणाल्या.

‘मला वाटलं, संकोच वाटतोय तुम्हाला.’

‘संकोच?’ त्यांनी चेंडू जमिनीवर आपटून पाहिला आणि बाजूला ठेवला. ‘पंचवीस वर्षं आहे मी इथे. जे फुकट चालतं ते कोणी मोजत नाही तोवरच चालतं.’

मी तो चेंडू उचलून जाळीच्या पिशवीत टाकला.

‘खोटं काही लिहिलंस का त्यात?’

‘नाही.’

‘मग झालं. तुमच्या गावी अशी बातमी छापली की लोक आभार मानायला यायचे का?’

कधी कधी यायचे, असं मी खरंच म्हणालो. त्या हसल्या, पण फार नाही. मुलींना मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस, म्हणाल्या आणि पुढचा चेंडू घेतला.

उरलेल्या बुधवारी त्या गाडी नेत राहिल्या. मी गेलो नाही. सप्टेंबरात नवी हजेरीपत्रकं आली तेव्हा मी संघातल्या मुलींची नावं शोधली. पहिल्या वर्षाच्या ज्या मुली दुसऱ्या वर्षाला यायच्या होत्या, त्यांतल्या सगळ्या आलेल्या नव्हत्या. मिनीबसच्या दाराशी भांडलेली मुलगी आली नव्हती. संघ असता तर आली असती का, हे कोणत्याही पत्रकावरून सिद्ध होत नव्हतं, म्हणून मी ते कुठेही लिहिलं नाही. कोचबाई डिसेंबरापर्यंत शिकवत होत्या. नंतर निवृत्ती घेतली. तोवर कँटीनमध्ये भेटलो की बोलायचो, बहुतेक हवेबद्दल.

माझं टिपण नमुना म्हणून सगळ्या विभागांना पाठवण्यात आलं. पुढच्या वर्षी प्रमुखाने मला लायब्ररीचं लिहायला सांगितलं, तसंच, म्हणाला, प्रत्यक्ष जाऊन. लायब्ररीत एकच बाई होती, चाळिशीची, बारीक आवाजाची. घरी कंप्युटर नसलेली मुलं तिथे बसून असाइनमेंट पुरी करायची, आणि मी कितीदा तरी कॉलेजातून उशिरा निघताना तिला काउंटरवर पाहिलं होतं. मी वही काढली आणि ती रोज किती वाजता बंद करून जाते असं विचारलं.

तिने आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘नेटबॉलचं मी वाचलंय,’ ती म्हणाली. ‘मी पाचला जाते.’

वेळापत्रकातही पाचच होतं. रोज का, असं पुन्हा विचारायला हवं होतं. बारा वर्षं तेच केलं होतं. मी पाच लिहिलं आणि पुस्तकांच्या खरेदीकडे वळलो.