वसंतभाऊजींच्या स्पीडचं गाणं

इथल्या सगळ्यांचे भुताखेतांचे अनुभव मी रोज दुपारी जेवणं आटोपली की वाचते आणि खरं सांगू? निम्म्यांना हसते. विहिरीवरची बाई, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... अहो, पांढरी साडी मी पण नेसते उन्हाळ्यात, म्हणून काय मी हडळ झाले? लिंबू-मिरची आमच्या दाराला कधी लागली नाही. अमावस्येला मी केस धुते. असल्या बाईनं इथे लिहायला बसावं म्हणजे काहीतरी झालंच असणार ना! तर झालं. आणि कुठे पडक्या घरात वगैरे नाही — बुऱ्हाणपूरला, बुधवारा मोहल्ल्यात, आमच्या गल्लीतल्या मांडवात, सकाळच्या उन्हात, सगळ्या पाहुण्यांसमोर. माझं मराठी इकडचं, हिंदी मिसळलेलं, तेवढं सांभाळून घ्या.

आधी माझ्या धाकट्या दिरांबद्दल सांगते, कारण सगळं त्यांच्यापासूनच सुरू होतं. वसंतभाऊजी. त्यांचं बुधवाऱ्यात कॅसेटचं दुकान होतं. तेव्हा लोक कागदावर गाण्यांची नावं लिहून आणायचे आणि भाऊजी कोऱ्या कॅसेटमध्ये ती भरून द्यायचे. लग्नाची कॅसेट, वरातीची कॅसेट, ट्रकवाल्यांची कॅसेट... इथून केळी भरून ट्रक दिल्लीकडे जायचे ना, त्या ड्रायव्हरांना रडकी गाणी लागायची. आणि लग्नवाल्यांना डिस्को. तो जमानाच डिस्कोचा होता बघा — चमचमती बंडी, आभाळाकडे बोट आणि ढिंच्याक ढिंच्याक!

आता गंमत अशी की भाऊजींच्या रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये काहीतरी खोट होती. त्यावर भरलेली कॅसेट दुसऱ्या कुठल्याही टेपवर वाजवा, गाणं पळायचं. फार नाही, थोडंसंच. गाणाऱ्याचा आवाजही जरा बारीक व्हायचा, मिसरूड न फुटलेल्या पोरासारखा. पण गल्लीतल्या सगळ्यांना त्याचीच सवय झाली. आमच्याकडच्या वराती त्याच स्पीडवर नाचायच्या. रेडिओवर खरं गाणं लागलं की बायका म्हणायच्या, "काय व, याला ताप आलाय का?" मी एकदा म्हटलं, "भाऊजी, मशीन दुरुस्त करून घ्या ना." तर म्हणाले, "वहिनी, गाणी मुंबईहून इतक्या लांब येतात, थकतात बिचारी. मी त्यांना चहा पाजून पुढे पाठवतो."

आणि आणखी एक सवय. नाचाच्या गाण्यात मध्येच एखादं संथ, दुःखाचं कडवं आलं की भाऊजी ते सरळ उडवायचे. म्हणायचे, वरात काय रडायला निघाली आहे? तर त्यांच्या कॅसेटमध्ये पहिलं कडवं संपलं की 'खट्' असा बारीक आवाज यायचा आणि गाणं एकदम शेवटच्या कडव्यावर उडी मारायचं.

असे हे आमचे भाऊजी... त्यांचा मुलगा निलेश शाळेत होता तेव्हाच गेले. हार्ट. घरात कुणाला पाणी द्यायलाही सापडले नाहीत. त्यांची बायको म्हणजे माझी धाकटी जाऊ सुशीला, तिचं माहेर तुकईथडचं, शेतकरी घरातली हसरी पोर. ती त्या दिवसापासून जी मागे सरकली ती मागेच. कुणाचं डोहाळजेवण असो, बारसं असो, ती स्वयंपाकघरात. म्हणायची, "ताई, पुऱ्या मी तळते, तुम्ही जा बाहेर." तिला कुणी हाकललं नव्हतं बरं का. तिच्याच डोक्यात बसलं होतं की आपला हात लागला की वाईट होतं.

या हिवाळ्यात निलेशचं लग्न ठरलं. मुलगी देडतलाईची, बीएड झालेली, गोड. आणि निलेशनं घरात जाहीर केलं, "पहिली हळद आई लावणार. नाहीतर मी पाटावर बसणारच नाही."

झालं! आमच्या नणंदबाई, गोदूअक्का — वय ऐंशीच्या घरात, गुडघ्यांना पट्टे, जीभ मात्र कोऱ्या ब्लेडसारखी. त्या म्हणाल्या, "अरे, हळद सवाष्णींनी लावायची असते. तू इंदूरला कॉम्प्युटर शिकलास म्हणून रीत बदलते का?"

"आत्या, मग तू आणि मी दोघंच बसू पाटावर. तुझं पण लग्न उरकून टाकू," निलेश म्हणाला.

"मेल्या, माझ्यासाठी स्थळ आण आधी!"

हसण्यावारी गेलं, पण खरी अडचण अक्का नव्हत्याच. सुशीलाच ऐकेना. रात्रंदिवस तिला समजावलं. मी म्हटलं, "अगं, तूच जन्म दिलास ना त्याला? तेव्हा हात चालले, आता का नाही चालणार?" तर नुसती मान हलवायची. डोळ्यांत पाणी. "ताई, त्याचा संसार आता सुरू होतोय. माझ्यामुळे काही झालं तर मी काय करू?"

मग मी दुसरा रस्ता काढला. म्हटलं, हळदीचं राहू दे, नाचशील तर खरी? मी, तू आणि शेजारच्या नसीमभाभी. भाऊजींचंच गाणं घेऊ. गाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुम्ही वाचायचं सोडून तेच लावून बसाल. भाऊजींच्या हातची एक वरातीची कॅसेट माझ्याकडे राहिली होती आणि माझा जुना टेप अजून चालतो. नसीमभाभी तर म्हणाल्या, "बाजी, मी तर त्या गाण्यावर माझ्या निकाहच्या वेळी पण नाचले असते, अम्मीनं धरून ठेवलं म्हणून!"

वरच्या खोलीत दार लावून आम्ही प्रॅक्टिस करायचो. तिघींची वयं मिळवली तर एखादा किल्ला निघेल! पण काय मजा यायची... सुशीला पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभी. मग बोटं हलायला लागली, मग पाय. नंतर तीच आम्हाला शिकवायला लागली — "ताई, खट् आलं की गिरकी, विसरू नका." तिला सगळं आठवत होतं. भाऊजी दुकान बंद करून आल्यावर दोघं खोलीत नाचायचे म्हणे. इतकी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नव्हता!

हळदीच्या आदल्या दिवशी ती जिन्यात मला थांबवून म्हणाली, "ताई, एक ठरवलंय. नाच चुकला नाही, तर मी निलेशला हळद लावीन. चुकला, तर मग तुम्ही कुणीच मला पुन्हा म्हणायचं नाही."

देवाला फूल लावून कौल घेतात ना, उजवीकडून पडलं तर होकार — तसा हिनं नाचाला कौल लावला. मी वरवर हो म्हटलं. पण रात्री सगळे झोपल्यावर एकटीच स्टेप्स घोकत बसले हो. कारण मी नाचताना चुकते. नेहमी चुकते.

सकाळी गल्लीत मांडव, पिवळे पडदे, एका बाजूला गरम मावा जिलबी. पाट मांडलेला, हळदीची वाटी, आंब्याची पानं, सगळं तयार. नवरदेव आत तयार होत होते, तोवर बायकांचे नाच उरकून घ्यायचे असं ठरलं. डीजेवाले राजूभाऊ, चांगले पन्नाशीचे, केस मेंदीनं लाल केलेले. मी त्यांना कॅसेट द्यायला गेले तर हात जोडले. "आंटी, ये तो अब म्यूझियम में लगेगी. गाने का नाम बोलो, ओरिजिनल बजाता हूँ. एकदम क्लियर."

मी नाव सांगितलं, कॅसेट परत वर टेपमध्ये नेऊन ठेवली. आता तुम्ही म्हणाल, स्पीडचं लक्षात नाही आलं? नाही आलं! जन्मभर ज्या स्पीडनं ऐकलं तेच आमच्यासाठी ओरिजिनल. आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

गाणं सुरू झालं... आणि आमचे पाय पुढे, गाणं मागे! आम्ही हात वर करून बोट दाखवतोय आणि ढोल अजून यायचाच आहे. नसीमभाभी एका पायावर थांबून वाट बघतायत, बगळ्यासारख्या. पोरीबाळी हसायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "काकू, नेटवर्क गेलं का?" गोदूअक्का खुर्चीतून म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, वय झालं की भजन करावं."

मी हसून वेळ मारून नेत होते. पण सुशीलाकडे पाहिलं आणि हसायची थांबले. तिचे हात खाली आले होते. चेहरा पुन्हा तोच, स्वयंपाकघरातला. तिनं पदर सावरला आणि घराच्या दाराकडे एक पाऊल मागे टाकलं...

आणि गाणं पळालं.

कसं सांगू? एखादी गाडी घाटातून वर आली की सपाटीवर कशी सुटते, तसं. आवाज बारीक झाला. तोच, मिसरूड न फुटलेल्या पोराचा! सुशीला जागच्या जागी थांबली. माझ्याकडे वळून बघितलं. आणि मग तिचा पाय पडला तो बरोबर ढोलावर. काय नाचली व माय! आम्ही दोघी तिच्या मागे नुसत्या फरपटत. लोकांचं हसणं बंद, टाळ्या सुरू.

पण मी घाबरलेलीच. कारण आता मला आठवलं — पुढे ते संथ कडवं येणार. राजूभाऊंकडचं गाणं ओरिजिनल, त्यात कुणी काही कापलेलं नाही. त्या कडव्याला आमच्याकडे एकही स्टेप नव्हती. पहिलं कडवं संपत आलं, मी मनातल्या मनात म्हटलं, आता संपलं सगळं...

खट्.

तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. त्या एवढ्या मोठ्या स्पीकरमधून, बारीकसा. आणि गाणं सरळ शेवटच्या कडव्यावर! सुशीलानं गिरकी घेतली. नसीमभाभींनी घेतली. मी पण घेतली — आणि चुकले नाही! आयुष्यात पहिल्यांदा!

गाणं संपलं तेव्हा अख्खी गल्ली ओरडत होती. सुशीला घामानं चिंब, केस सुटलेले. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, कुणाला विचारलं नाही. सरळ पाटाकडे गेली. निलेश दारातून सगळं बघत होता, तो धावत येऊन बसला. आंब्याचं पान बिन काही नाही, तिनं दोन्ही हात वाटीत बुडवले आणि पोराच्या गालांना, कपाळाला, कानांना... तो रडत होता आणि ही हसत होती.

सगळ्यांचं लक्ष गोदूअक्कांकडे. त्यांनी आधी गुडघ्याचा पट्टा घट्ट केला. मग म्हणाल्या, "अगं सुशे, बस कर! नवरदेव आहे तो, भिंत नाही सारवायला घेतली!" आणि काठी टेकत उठून स्वतःच राजूभाऊंना म्हणाल्या, "तेच लाव रे परत. मला पण एक चक्कर मारायची आहे."

राजूभाऊंनी परत लावलं. संथ. ओरिजिनल. कडव्यासकट. अक्कांच्या गुडघ्यांना तेच बरं पडलं, ते सोडा. पण राजूभाऊंचा चेहरा उतरला होता. मला बाजूला बोलावून म्हणाले, "आंटी, कसम से, मैंने हाथ नहीं लगाया. मैं तो जलेबी खा रहा था."

आता आमच्या घरात कॉम्प्युटरवाला आहे, तो काय स्वस्थ बसतो? निलेशनं लग्न झाल्यावर राजूभाऊंचा लॅपटॉप उघडून बघितला. म्हणाला, काकू, स्पीड वाढणं एक वेळ समजू, चुकून बटण दाबलं गेलं असेल. पण कडवं कसं गेलं? फाईल तर जशीच्या तशी आहे. आणि पोरींनी मोबाईलवर जे शूटिंग केलं त्यात सगळं आलंय — आधी संथ, मग पळालेलं, मग खट्, मग उडी. ज्याला बघायचं त्यानं आमच्याकडे यावं, मी चहा करते.

आणि हो, वरच्या टेपवर कुणी कॅसेट लावली असेल म्हणाल, तर मी त्याच दिवशी जाऊन पाहिलं. वायर काढलेली होती, कॅसेट आत, खोलीला बाहेरून कडी. शिवाय त्या टेपचा आवाज जिन्याखाली येत नाही, गल्लीत कुठून येणार?

मी सगळ्यांना विचारून झाले. नसीमभाभी म्हणतात, अल्लाह की मर्ज़ी. गोदूअक्का म्हणतात, वसंता लहानपणापासून आगाऊच होता. सुशीलाला विचारलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताई, हळद लागली ना? मग?" तिनं पुढे चौकशी केलीच नाही. तिला गरजच वाटली नाही.

मला मात्र अजून वाटते. विश्वास बसला असं म्हणत नाही, पण डोक्यातून जातही नाही. तुमच्यात कुणी मशीनचं जाणणारं असेल आणि कारण सापडलं, तर जरूर कळवा. फक्त संध्याकाळनंतर कळवा. नसीमभाभींच्या पलीकडे आज हळद आहे, मुलीच्या आईनं निरोप पाठवलाय की पहिला हात सुशीलाकाकूंचा हवा, आणि ही बाई कपाट उघडून तासभर उभी आहे... "ताई, पिवळी नेसू की हिरवी?"

हिरवी म्हटलं मी. निघतो आम्ही.